डंपाच्या लाल गाळाखाली गेलेला कुणगा: कुठली झाडं लावू, कुठले जिवाणू टाकू?

कांजूरवाला | ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. राहायला कांजूरमार्ग, नोकरी बँकेत, गाव सिंधुदुर्गात. शेतीचं ज्ञान म्हणाल तर गणपतीला आणि मे महिन्यात मेरेवर (बांधावर) उभं राहून जेवढं मिळतं तेवढंच. प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

मळ्यात आमचा अकरा गुंठ्यांचा तुकडा आहे, दोन कुणगे. (घाटावरच्यांसाठी: कुणगा म्हणजे भातखाचर.) वरच्या अंगाला लोखंडाची खाण होती. ती आता बंद आहे, पण उकरून काढलेल्या मातीचा डंप तिथेच आहे, टेकडीएवढा. तीन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री डंपाची कड सुटली, व्हाळ (ओढा) फुटला आणि सगळा लाल गाळ आमच्या आणि शेजारच्या चार घरांच्या शेतात येऊन बसला. पंचनामा झाला, फोटो झाले. पुढे कागदांचं काय झालं ते इथे लिहीत नाही, माझं बीपी वाढतं.

शेती चुलतभाऊ बघतो. पहिल्या वर्षी त्याने भात लावून पाहिलं. महिन्याभरात खालच्या पानांच्या टोकांना तांबडे ठिपके, मग सगळं पान विटकरी. मी गणपतीला गेलो तेव्हा एक चूड उपटून बघितलं. मुळं पांढरी नव्हतीच, गंजक्या तारेचं भेंडोळं म्हणा ना. बोटात धरून चोळली तर गंज हाताला लागला आणि साबणाने दोनदा धुवावे लागले हात.

दुसऱ्या वर्षी भावाने शेण टाकलं, गोठ्यातून काढलेलं ताजंच, बैलगाडीने चार खेपा. भात सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडलं. यंदा मी हुशारी केली. जमिनीत जीव आणणाऱ्या जिवाणूंच्या बारा बाटल्या इथून घेतल्या, ४८० रुपयांना एक, आणि तुतारी एक्सप्रेसने सीटखाली ठेवून नेल्या. जूनमध्ये फवारल्या. शून्य फरक. पाऊस थांबला की वर कडक पापुद्रा धरतो, त्यावर चाललं तर पाऊलही उमटत नाही.

माती तपासली आहे: सामू (पीएच) ५.३, सेंद्रिय कर्ब ०.१९ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) अत्यंत कमी, लोह अति, मंगल (मँगनीज) अति. धातू शोषून घेणारी झाडं असतात असं वाचलं. अशी कुठली लावू? जिवाणू कुठले टाकू? की सगळा गाळ जेसीबीने उचलून फेकू? शेजारचे काका म्हणतात, "सोड मेल्या, जमीन मेली ती." मला सोडायची नाहीये.

---

बोरिवलीचा ठेकेदार | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

एवढा विचार कशाला? अकेशिया ठोका. गोव्याच्या सगळ्या डंपांवर तीच आहे. दोन वर्षांत हिरवंगार, पाणी नको, खत नको, गुरं तोंड लावत नाहीत.

---

मुलुंडची मावशी | ४ ऑगस्ट, दुपारी ३:०५

कांजूरवाले, निम्मं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. गंज चढलेली मुळं, आणि ताजं शेण टाकल्यावर बिघडलेलं भात. ही दोन वाक्यं मी परत परत वाचली.

एकतीस वर्षं उपनगरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

लोखंडाचा गंज एरवी झाडाला काही करत नाही, कारण तो पाण्यात विरघळत नाही. कोकणातली निम्मी जमीन गंजाच्याच रंगाची आहे आणि तिच्यावर आंबे-काजू झकास येतात. पण कुणग्यात पाणी तुंबलं की एक-दोन दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग ज्या जिवाणूंना प्राणवायू लागतो ते गप्प बसतात आणि दुसरी मंडळी कामाला लागतात. ही मंडळी प्राणवायूऐवजी गंजातलं लोखंड वापरून श्वास घेतात. गंमत नाही सांगत. जिओबॅक्टर नावाचा असला जिवाणू १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून वेगळा केलेला आहे. त्यांच्या श्वासोच्छ्वासात गंजाचं विरघळणारं लोखंड होतं, मंगलचंही तसंच, आणि ते भाताच्या मुळाशी पोचतं. भाताचं रोप बिचारं मुळातून थोडा प्राणवायू बाहेर सोडतं आणि त्या लोखंडाचा परत गंज करून दारातच अडवतं. तुमच्या हाताला लागला तो हाच गंज. पण गाळात लोखंडच एवढं, की दार अपुरं पडतं आणि पानं विटकरी होतात.

आता शेण. श्वास घ्यायचा तर आधी खायला हवं. पाणी भरलेल्या कुणग्यात ताजं शेण टाकणं म्हणजे या लोखंड-श्वासवाल्यांना पंगत वाढणं. तुमच्या जमिनीत जिवाणू नाहीत असं नाही हो. पाणी तुंबवून तुम्ही नको त्यांना जेवायला घालताय. त्यात बाराच काय, बाराशे बाटल्या ओतल्यात तरी यजमान तेच आणि पाहुणेही तेच.

म्हणून पहिली दोन वर्षं तिथे भात नाही. मेर खालच्या बाजूला फोडा, चर काढा, पाणी वाहून जाऊ द्या. कुणगा थोडे दिवस भरड, म्हणजे पाणी न साचणारी जमीन, समजा. भाऊ चिडेल, त्याला माझं नाव सांगा.

जेसीबी सांगायच्या आधी खड्डा खणा. हातभर खोल, चार ठिकाणी. लाल थर कुठे संपतो आणि तुमची जुनी माती कुठे सुरू होते ते डोळ्यांना दिसेल. थर दोन-तीन बोटं असेल तिथे नांगराने खालच्या मातीत मिसळला तरी चालतो. वीतभर किंवा जास्त असेल तिथला वरचा गाळ ओढून एका कडेला ढीग करा. सगळा उचलू नका. खाली तुमच्या आजोबांची माती आहे आणि जेसीबीवाल्याला ती ओळखू येत नाही.

आणखी एक काम सगळ्यात आधी, आणि यात चालढकल नको. हा लोह-मंगलचा रिपोर्ट शेताचा झाला, खाणाऱ्याचा नव्हे. एकदा पैसे खर्चून आर्सेनिक, कॅडमियम, शिसं आणि क्रोमियम तपासून घ्या. तुमची खाण लोखंडाच्या गंजाची, गंधकवाली नव्हे, त्यामुळे मला फार भीती नाही. कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीचा डंप असता तर गोष्टच वेगळी. तिथे दगडात पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असतं, हवा-पाणी लागलं की जिवाणूच त्याचं गंधकाम्ल करायला मदत करतात आणि सामू लिंबाच्या रसाजवळ जातो. तरी तपासा. हे चार ठीक आले तर तुमच्या जमिनीला झालेला आजार उपासमारीचा आहे, विषबाधेचा नाही. कर्ब ०.१९ म्हणजे ताटात काहीच नाही. शिवाय मातीला घडण नाही, म्हणून तो पापुद्रा.

उपाशी माणसाला कसं भरवतात? पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, ज्याला शेणाचा वास येत नाही असं. अकरा गुंठ्यांना दोन-अडीच टन, आणि तेही निचरा झाल्यावर. चुना किती टाकायचा ते किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात रिपोर्ट दाखवून विचारा, अंदाजाने ओतू नका. मग ताग पेरा. फुलावर यायच्या आत कापायचा आणि जागेवरच आडवा पाडायचा, चिखलात गाडायचा नाही. त्याच्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाला. काजूखालचा, आंब्याखालचा, मिळेल तो, चार बोटं जाड. पापुद्र्याला पातेऱ्यासारखं औषध नाही. पावसाचा थेंब मातीवर आपटायचा थांबतो आणि वाळवी-गांडुळं फुकटात नांगरायला येतात.

स्फुरदाचं दुखणं वेगळं आहे. लोखंडाचा गंज स्फुरदाला घट्ट मिठी मारून बसतो, टाकलं तरी मुळाला सुटत नाही. इथे मायकोरायझा बुरशी कामाची. ती मुळाच्या आत राहते आणि तिचे धागे मूळ पोचत नाही तिथवर जाऊन स्फुरद आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हे धागे डोळ्यांना दिसत नाहीत. पातेऱ्याखाली पांढरी जाळी दिसते ती दुसरी बुरशी, कुजवणारी. तीही चांगली, पण लोक तिचा फोटो टाकून "मायकोरायझा आला" म्हणतात तेव्हा मला पेपर तपासल्यासारखं होतं.

ही बुरशी विकत आणायची गरज नाही. गावातच एखाद्या जुन्या, न खणलेल्या जागेतली, गवताच्या मुळांसकट दोन-चार घमेली माती आणा. देवराईतली नको, तिथे हात लावायचा नाही. स्वतःच्या काजूखालची चालेल. तागाच्या ओळीत मूठ-मूठ टाका. आणि मेरेवरचं स्थानिक गवत मुळासकट, ढेकळासकट चौकोनी कापून तीन-तीन फुटांवर रोवा. त्या एका ढेकळात जेवढी जात-बिरादरी असते तेवढी बाटलीवाल्याच्या अख्ख्या कपाटात नसते.

हे माझ्या मनाचं नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साधारण याच वाटेने काम केलं आणि साग, शिसम उभे केले. साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) खड्ड्यात भरलं, रायझोबियम, अझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा वाढवून रोपांच्या मुळांना दिले. क्रम बघा: आधी अन्न, मग जिवाणू, मग झाड. विद्यार्थ्यांना घेऊन मी तो ढिगारा बघायला गेले होते. सहलीत मुलांना फार रस नव्हता, संत्रा बर्फीत होता.

ठेकेदार, तुमच्या अकेशियाबद्दल. लवकर वाढते हे खरं, स्वतःचा नत्रही हवेतून धरते. पण तिच्याखाली कधी बसून बघा. जाड चामडी पानांचा थर वर्षानुवर्षं तसाच, कुजत नाही, आणि त्यातून दुसरं रोपटं वर येत नाही. रस्त्यावरून हिरवं दिसतं. डंपाच्या चढावर माती धरायला एक वेळ ठीक, पण यांना कुणगा परत हवाय, जळण नव्हे.

डंपाचंही बघा. वरून दर पावसात नवा लाल गाळ येणार असेल तर खाली सगळं फुकट. शेताच्या वरच्या कडेला वाळ्याची आडवी ओळ लावा, रोपं वीतभर अंतरावर, मध्ये फट नको. मुळं दहा फूटसुद्धा खाली जातात, वर गवताच्या ठोंबांची भिंत होते, पाणी गाळून पुढे जातं आणि गाळ मागे राहतो.

शेवटचं, फुकटची तपासणी. जुने सुती बनियन आहेत का? शंभर टक्के सुती हवेत. तीन घ्या. एक गाळात, एक शेणखत-पातेरा केलेल्या तुकड्यात, एक काजूखाली. वीतभर खोल, पाणी तुंबणार नाही अशा जागी पुरा, काठीची खूण करा आणि साठ दिवसांनी काढा. कापड जेवढं जास्त कुजलेलं, तेवढी तिथली माती जिवंत. प्रयोगशाळांमध्ये सुती कापडाच्या पट्ट्या पुरून हेच करतात, फक्त त्यांची पट्टी मोजलेली असते.

---

दादरचा रोपवाला | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

मावशींना सलाम. मी फक्त बाटलीपुरतं बोलतो, धंदा माझा आहे म्हणून.

जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत. द्रवरूप बाटलीत एका मिलीलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत पेशी हव्यात, पावडरीत ग्रॅमला पाच कोटी. बाटलीवर जिवाणूचं नाव, बॅच, तारीख, संख्या नसेल तर ती घेऊच नका. "माती संजीवनी" असलं काही लिहून मागे आकडाच नसतो, ते रंगीत पाणी समजा. आणि सगळं नीट छापलेलं असलं तरी मुक्काम महत्त्वाचा. खोटं कशाला बोलू, माझ्याच गाळ्यात एका एप्रिलमध्ये अख्खं खोकं पश्चिमेच्या शटरला लागून राहिलं. दुपारचं ऊन थेट. महिन्याभराने एक झाकण उघडलं तर फस्स आवाज आणि सडक्या अंड्याचा वास. खोकं टाकून दिलं. दुसरा एखादा विकून मोकळा झाला असता.

कांजूरवाले, फवारलं कशाने? पंप कुठला होता?

---

कांजूरवाला | ५ ऑगस्ट, सकाळी ८:५०

रोपवाले, तुमचा प्रश्न वाचून भावाला फोन लावला. सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी ज्या पंपाने बोर्डो मारतात, तोच पंप. धुतला होता का विचारलं तर म्हणाला, "हिसळलंय ना पाण्यान."

---

दादरचा रोपवाला | ५ ऑगस्ट, सकाळी ९:०२

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. तांबं. मोरचूद मारतो कशाला, तर बुरशी आणि जिवाणू मरावेत म्हणून. ५,७६० रुपयांची अंत्ययात्रा झाली म्हणायची.

---

गिरगावकर | ५ ऑगस्ट, दुपारी १:२०

पण मूळ प्रश्न राहिलाच की. धातू शोषणारी झाडं असतात ना? सूर्यफूल, मोहरी वगैरे. आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला, ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यात एक नेचा उगवतो, लांब पट्टीसारख्या पानांचा. भाचा म्हणाला हा आर्सेनिक खातो. खरं की थाप?

---

मुलुंडची मावशी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४५

भाचा हुशार आहे. तो टेरिस विटाटा असणार, जुन्या चुन्याच्या भिंती त्याला आवडतात. २००१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका जागी, जिथे पूर्वी लाकडाला आर्सेनिकची रसायनं चोपडत, तिथे हा नेचा मजेत वाढलेला सापडला आणि पानांत आर्सेनिक साठवतो हे कळलं. न्यू कॅलेडोनिया बेटावर तर एक झाड आहे, खोडाला चीर दिली की निळा-हिरवा चीक येतो, आणि वाळवला तर त्या चिकाचा जवळजवळ चौथा भाग निकेल. असली झाडं आहेत, निसर्गाची हौस आहे.

पण हिशोब करा. नेचा आर्सेनिक खातो, मग तो नेचा कोण खातो? कापून कुठे टाकणार? कांजूरवाल्यांच्या जमिनीत तर बहुतेक आर्सेनिकचा प्रश्नच नाही, लोखंड आहे, आणि लोखंड काढून टाकायचं म्हटलं तर जमीनच उरायची नाही. मोहरी शिसं घेते खरी, पण भरपूर घ्यावं म्हणून प्रयोगांत मातीला ईडीटीए नावाचं रसायन दिलं, तेव्हा शिसं सुटून मुळाकडे जसं गेलं तसं खाली भूजलाकडेही निघालं. तुमच्या मळ्यात खाली विहीर असेल. शिवाय मोहरीचं कूळ मायकोरायझाला घरात घेत नाही. म्हणजे जी बुरशी आपण आणतोय तिलाच उपाशी ठेवायचं.

धातू मुळाशीच बांधून ठेवणारी, पानात न चढवणारी झाडं अशा जागी जास्त कामाची. वाळा त्यातलाच. उपसण्यापेक्षा जागेवर निजवणं स्वस्त पडतं. ब्रिटनमध्ये जुन्या शिशा-तांब्याच्या खाणींच्या मातीवर काही गवतं आपणहून टिकली होती, अँथनी ब्रॅडशॉ यांनी त्यांचाच अभ्यास केला आणि पुढे त्यांतून अशा जमिनींसाठी गवताची बियाणी तयार झाली. साधं गवत हो.

---

वकिली चष्मा | ५ ऑगस्ट, रात्री १०:१०

विषय शेतीचा आहे, तरी एक नोंद. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय की खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवून द्यायची अट खाणपट्ट्यात घाला. वरची माती वेगळी काढून जपायची आणि परत वापरायची हे खनिज नियमांत आधीपासून आहे. डंप उघडा असेल तर तुमच्या अर्जात हे दोन्ही मुद्दे लिहा.

---

मुलुंडची मावशी | ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

वकीलसाहेब, बरोबर. पण जपायची म्हणजे कशी हे कागदावर नीट येत नाही. ती माती पंधरा फूट उंच रचून पाच वर्षं ठेवली की आतल्या भागाला हवा नाही, मुळं नाहीत, मायकोरायझा मरून जाते. ढीग बुटका हवा आणि त्यावर गवत उगवलेलं हवं. मातीला कोठारात ठेवता येत नाही, तिला राबतं ठेवावं लागतं.

कांजूरवाले, घाई करू नका हे पटवायला एक ठिकाण सांगते. माहीमचं निसर्ग उद्यान बघितलंय? मिठीच्या काठी, धारावीला लागून, ३७ एकर. पूर्वी तिथे मुंबईचा कचरा टाकत. झाडं लावायला १९८३ मध्ये सुरुवात केली आणि लोकांसाठी उघडलं १९९४ मध्ये. ते खाणीचं प्रकरण नाही, पण आज आत चाललं की पायाखाली काय होतं ते सांगितल्याशिवाय कळत नाही. एका रविवारी जा, सायनला उतरा.

---

कांजूरवाला | २२ सप्टेंबर, रात्री १०:५५

गणपती करून परत आलो. रिपोर्ट देतो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खड्डे खणले, चार ठिकाणी. व्हाळाच्या बाजूला लाल थर माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत. वरच्या मेरेकडे मात्र फक्त दोन बोटं! तीन वर्षं आम्ही सगळा कुणगा एकसारखाच मेला असं धरून चाललो होतो. आणि ती रेघ, मावशी, सुरीने केक कापल्यासारखी. वर विटकरी, गुळगुळीत, नख लावलं तर मेणासारखं वळतं. खाली करडी माती, त्यात जुन्या भाताच्या मुळांचे काळे धागे आणि एक गोगलगायीचं रिकामं शिंपलं. आजोबांची माती म्हणालात ना, तेव्हा मला ते जरा नाटकी वाटलं होतं. खड्ड्यात बघून भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हय जेसीबी नको. फावड्यान काढूया."

मेर फोडली, चर काढला. दोन बोटंवाला भाग साडेतीन-चार गुंठे भरेल, तेवढाच यंदा हातात घेतलाय. शेणखत शेजारच्या काकांकडचं, दोन वर्षं कुजलेलं. जमीन मेली म्हणणारे हेच ते काका. पैसे घेतले नाहीत. मुंबईहून सोसायटीचं कंपोस्ट न्यायचा विचार होता, पण त्यात काच, बॅटऱ्या काय काय असतं ते मला रोज दिसतं, म्हणून नाही नेलं. पातेरा बायकोने आणि वहिनीने ओढला, माझ्याहून जास्त. वाळ्याच्या दोन ओळी लावल्या. ताग पेरायला उशीर झाला, तो पुढच्या जूनला.

चार धातूंचा रिपोर्ट आला. क्रोमियम जरा वर आहे, बाकी तीन ठीक. क्रोमियमचं काय करू?

बनियन पुरलेत. तीन.

---

मुलुंडची मावशी | २३ सप्टेंबर, सकाळी ६:४०

लॅबला विचारा, क्रोमियम एकूण मोजलंय की सहा-संयुजी वेगळं? लाल मातीत एकूण क्रोमियम मुळातच बरं असतं, दगडात बांधलेलं, तीन-संयुजी, ते सहसा हलत नाही. वाईट ते सहा-संयुजी. ते वेगळं मोजून घ्या आणि विहिरीच्या पाण्यातही बघा. ते आढळलं तर तिथलं खायचं पीक बंद. तोवर पाणी प्यायला गाळून-उकळून चालेल असं समजू नका, उकळून धातू जात नाही.

बाकी काम शाबास. दोन बोटंवाल्या भागाने सुरुवात केलीत, मीही तेच सांगितलं असतं.

---

कांजूरवाला | ३० नोव्हेंबर, रात्री ११:१५

सहा-संयुजी मातीत आढळलं नाही, विहिरीतही नाही. किर्लोसला रिपोर्ट दाखवून चुना टाकला.

बनियन काढले, दिवाळीला रजा मिळाली नव्हती म्हणून साठऐवजी सत्तर दिवसांनी. गाळातलं बनियन अख्खं. झटकलं तर घालता येईल असं, फक्त रंग विटकरी, आणि मानेजवळचा ९० आकडा वाचता येत होता. काजूखालचं सापडेचना. काठी होती म्हणून जागा चुकली नाही एवढं नक्की. शेवटी बोटाला नायलॉनचा शिवणदोरा लागला, बाह्यांच्या गोलाकारात, मध्ये कापड नाहीच, आणि दोऱ्यावर मुंग्या.

तिसरं, शेणखत-पातेऱ्यातलं, मधलं निघालं. पाठीचा भाग चाळण झालेला, पोटाचा बराच शाबूत. उचलताना एका बाजूने फाटलं. भोकांच्या कडेला बारीक पांढरी मुळं कापडात शिरली होती, मेरेवरून आणून लावलेल्या गवताची. त्यातलं एक गांडूळ, काडेपेटीतल्या काडीएवढं, भावाने हातावर घेऊन काकांना दाखवायला नेलं.

त्याच तुकड्यात कुळीथ पेरलाय. पाऊस गेल्यावर ओल होती तेवढ्यावर उगवून आलाय, पातळ आहे पण हिरवा आहे. मुळांवर गाठी धरल्या तर आतून बघायच्या असतात ना? पुढच्या शनिवारी जातोय, ब्लेड घेऊन जाऊ का?

---

मुलुंडची मावशी | १ डिसेंबर, सकाळी ६:२०

ब्लेड कशाला, नखाने फुटते. झाड उपटू नका, खुरप्याने मातीसकट उचला, नाहीतर गाठी मातीतच राहतात. आतून गुलाबी म्हणजे नत्र धरायचं काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट म्हणजे नाही. चार-पाच झाडांच्या बघा, एकावरून ठरवू नका. गुलाबी निघाली तर फोटो टाका, पांढरी निघाली तरी टाका.